बंदी कोणी घातलीच नव्हती

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरून भांडण झाले की माझ्या दाराची कडी वाजते. "सर, आप तो समाजवाले हो, जरा समझाओ इन लोगों को," असे म्हणत शेजारचे किराणा दुकानदार मला हाताला धरून नेतात. समाजशास्त्र शिकवणारा माणूस समाज सुधारत असणार, निदान त्याला समाजाला ऐकवता येत असणार, अशी त्यांची समजूत आहे. मी तेथे जाऊन उभा राहतो आणि हळू आवाजात दोन वाक्ये बोलतो. भांडण आपल्या गतीने मिटते आणि श्रेय मला मिळते. आमच्या व्यवसायात मिळालेले श्रेय बहुधा असेच असते, हे आता मला कळू लागले आहे.

मी कामठ्याचा, धानशेती करणाऱ्या घरातला. नवेगाव बांधच्या बाजूला एका महाविद्यालयात अर्धे आयुष्य समाजशास्त्र शिकवण्यात गेले. आमच्याकडे विद्यार्थी येतात ते विषय सोपा आहे असे कोणीतरी सांगितले म्हणून. तो खरोखरच सोपा वाटतो, कारण त्यात जे सांगितले जाते ते प्रत्येकाने घरी पाहिलेले असते. आम्ही फक्त त्याला नाव देतो. पाहुण्याला चहा विचारायचा, मंडईच्या जत्रेला लेकीला माहेरी बोलवायचे, मोठ्यांसमोर पाय पसरून बसायचे नाही, या झाल्या लोकरीती. त्या मोडल्या तर चार दिवस नावे ठेवली जातात. काही नियम मात्र असे असतात की ते मोडणाऱ्याला समूह आपल्यात ठेवूच शकत नाही. त्यांना लोकनीती म्हणतात. वर्गात मी सांगत असे, "लोकरीत मोडली की लोक हसतात. लोकनीती मोडली की लोक हसायचे थांबतात." हे वाक्य मुले वहीत उतरवून घेत आणि मला बरे वाटे.

लोकनीतीचे उदाहरण म्हणून मी दरवर्षी एकच प्रथा सांगत असे. आमच्या भागात काही जातींत, काही गावांत ती अजून आहे. गोठ्यात बांधलेले गाय-बैल स्वतःच्याच दाव्याचा फास बसून मेले, तर त्या मृत्यूचा दोष मालकावर येतो. मग मालकाने तेच दावे आपल्या गळ्यात घालायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि दारोदार उभे राहून जनावरासारखे हंबरायचे. घरातल्या माणसाने त्याच्या झोळीत मूठभर तांदूळ टाकून 'फिटलं' म्हणायचे. ठरवून दिलेली दारे झाली की तलावात स्नान करायचे आणि जातीला जेवण घालायचे. जात जेवली की माणूस पुन्हा जातीत येतो. तोवर त्याच्या घरचे पाणी कोणी पीत नाही आणि त्याच्या घरच्या मर्तिकाला कोणी खांदा देत नाही.

हे सांगताना मी हंबरून दाखवत असे. एरवी मी मितभाषी माणूस. त्यामुळे माझे ते हंबरणे वर्गाला फार आवडे. बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारी मुलेही खिडकीशी थांबत. ज्या वर्षीची ही हकीकत आहे त्या वर्षी पहिल्या बाकावर योगिता नावाची, शेवटच्या वर्षाची एक हुशार मुलगी बसत असे. तीही हसली होती. मला आठवते, कारण ती सहसा हसत नसे.

पोळा होऊन गेला, आणि एका सकाळी तिचा फोन आला.

"सर, आमचा बैल गेला. रात्री कोठ्यात पाय घसरला अन् दाव्यानं... बाबा उद्यापासून निघतो म्हणून राहिले. तुम्ही येऊन त्यांना सांगा न. तुमचं ऐकतील."

मी गेलो. तिचे वडील सुकराम गोठ्याच्या दाराशी बसले होते. पन्नाशीतले, माझ्याच वयाचे. पूर्वी मळणीच्या यंत्रात सापडल्याने एक पाय ओढत चालणारे. गळ्यात घालायचे दावे त्यांनी धुऊन वाळत टाकले होते. घरासमोरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर त्यांची आई पडून होती. ती आता उठत नव्हती, अन्नही जवळजवळ सुटले होते. पण डोळे आणि जीभ शाबूत होती.

मी सुकरामभाऊंना समजावले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, बैल मेला तो अपघात होता, तुमच्या पायाची ही अवस्था, मुलगी शिकते आहे, असे सर्व बोललो. शेवटी म्हणालो, "तुम्ही काही पाप केलेले नाही, भाऊ."

"पाप नाही केलं हे मले बी मालूम आहे, गुरुजी," ते म्हणाले. "पन बैल तं मेला न. बारा महिने माह्यासंगं होता तो. कोनाले तं सांगा लागन."

या वाक्यावर मी त्यांच्याशी तासभर बोलायला हवे होते. तो माणूस शोक कसा करायचा ते मला सांगत होता. माझ्या कानांना ते अंधश्रद्धेचे समर्थन वाटले आणि मी कायद्याकडे परत गेलो. योगिता माझ्या बाजूने बोलत होती. "बाबा, तुम्ही दारोदार हंबरत फिरले तं मी कॉलेजात तोंड कसं दाखवू?" तिच्या या प्रश्नावर सुकरामभाऊंनी वाळत टाकलेले दावे उचलून आत नेऊन ठेवले. लेकीसमोर ते नेहमीच हरत.

निघताना म्हातारीने मला खुणेने जवळ बोलावले.

"तुमी माह्या पोराले थांबवलं, बापू?"

"हो आई. त्यांचा पाय..."

"पाय तं तेचा कवापासूनच तसा आहे. माह्यं सांगा. मी आता चालली. मले जातीचा खांदा पायजे."

"आई, आम्ही आहोत ना. आम्ही सगळे येऊ."

ती हसली. दात नसलेल्या तोंडाचे ते हसणे गोड होते. "तुमी चांगले मानसं आहा. तुमच्या खांद्यानं मी जाईन खरी, बापू. पन पोचनार नाही."

मी तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि गावच्या समाजमंदिराकडे निघालो. तेथे जातीची जाणती मंडळी जमली होती. ही जात कोणती, ते मी लिहिणार नाही. लिहिले तर इतर सर्व वाचक निश्चिंत होतील.

मला खुर्ची दिली गेली. चहा आला. हिरालालजी म्हणून त्यांच्यातले वडीलधारे होते. शांत, हसतमुख, पांढरेशुभ्र धोतर नेसणारे. गावातले कोणाचेही लग्न त्यांच्याशिवाय जुळत नसे. मी कायद्याची माहिती दिली, कोणालाही असे वाळीत टाकणे गुन्हा आहे असे सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"आमी कोनाले बंद केलंच नाही जी," हिरालालजी म्हणाले. "तुमाले कोन म्हनलं?"

"मग सकाळपासून सुकरामभाऊंच्या घरी कोणी का गेले नाही?"

"आता मी काऊन नाही गेलो सांगू? माहे गुडघे दुखून राहिले."

सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, "माही बायको म्हनते नोको जाऊ. आता बायकोवर बी कलम लावता काय, गुरुजी?"

पुन्हा हशा झाला. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आजही नमूद करावेसे वाटते. हशा ओसरल्यावर हिरालालजी माझ्याकडे झुकून आपुलकीने म्हणाले, "तेनं एकडाव दावं गळ्यात घातलं का आमीच पयले जाऊ. आमाले काय हौस आहे? सुकराम माह्या मांडीवर खेळला. पन आज तेले तसंच सोडलं, तं उद्या कोन कायले मानन?"

बंदी घालणारा कोणी समोर असता तर त्याच्याशी वाद घालता आला असता. येथे प्रत्येक जण आपापल्या घरी बसला होता, एवढेच. ही गोष्ट आम्ही वर्गात 'अनौपचारिक सामाजिक नियंत्रण' या मथळ्याखाली शिकवतो आणि तिच्यासाठी अर्धे पान पुरते.

पुढील दिवसांत सुकरामभाऊंच्या धानाच्या बांधीत निंदण करायला कोणी बाई आली नाही. एकीची लेक आजारी होती, दुसरीला माहेरी जायचे होते. हातपंपावर योगिताची आई गेली की इतर बायका आपले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत आणि "घे न व, तू भर पयले," असे म्हणत. तिचे झाल्यावर एक जण पंपाचा दांडा पाण्याने धुऊन घेई. कोणीही शिवी दिली नाही. कोणी दगड मारला नाही. योगिताने पोलिसांत तक्रार देण्याचा विचार केला तेव्हा मी तिला म्हणालो की नावे द्यावी लागतील.

"नावं मग सगळ्यांचीच लिहावी लागतील सर," ती म्हणाली. "माझ्या मावशीचंही."

तक्रार झाली नाही. आपोआप निवळेल, दिवाळीनंतर मंडई भरली की लोक विसरतील, असे मी सांगत राहिलो. त्याच आठवड्यात अभ्यासक्रमाप्रमाणे सामाजिक नियंत्रण हा घटक आला. मी तो सोडून पुढे जाऊ शकलो असतो. मी शिकवला. औपचारिक आणि अनौपचारिक नियंत्रणातील फरक सांगून झाल्यावर योगिताने हात वर केला.

"सर, ज्याची तक्रार करता येत नाही ते अनौपचारिक, असं लिहू काय?"

वर्गात कोणी हसले नाही. मी म्हणालो, "लिही." यापेक्षा नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही; पण एका मुलीला ती अशा किमतीला मिळावी, याचा अभिमान कोणत्या शिक्षकाला वाटेल?

म्हातारी दिवाळीच्या थोडे आधी गेली. धान कापणीला आले होते. निरोप मिळताच मी, दोन सहकारी आणि योगिताच्या वर्गातली मुले निघालो. सहा-सात जातींची मुले होती ती. एकमेकांच्या मोटारसायकलींवर बसून आली आणि काही न विचारता बांबू तोडायला लागली. त्यांच्याकडे पाहून मला क्षणभर असे वाटले की आपले शिकवणे अगदीच वाया गेलेले नाही. हा विचार मनात आला तेव्हा मी ज्या अंगणात उभा होतो, तेथे जातीचा एकही माणूस नव्हता.

मी पुढचा खांदा घेतला. ती फार हलकी होती. सुकरामभाऊ विस्तव घेऊन पुढे पाय ओढत चालले होते. गल्लीत दोन्ही बाजूंना दारे उघडी होती आणि प्रत्येक दारात माणसे उभी होती. म्हातारीच्या वयाची एक बाई आपल्या उंबऱ्यात बसून मोठ्याने रडत होती, "माही सई गेली व, माही सई," म्हणून कपाळ बडवत होती. तिच्या उंबऱ्यापासून आमची वाट पाच हातांवर होती. ती उठली नाही. वळणावर हिरालालजी हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते खोटे नव्हते.

इतकी वर्षे मी शिकवत आलो की कोणत्याही समूहाची रीत त्याच्या आतून समजून घ्यावी, आपल्या मापाने मोजू नये. या तत्त्वाला आम्ही सांस्कृतिक सापेक्षता म्हणतो. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास असतो. म्हातारीने मला आतली गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली होती आणि मी तिचा हात थोपटला होता. उलट बाजूनेही मी स्वतःला विचारून पाहतो. सुकरामभाऊंना जाऊ दिले असते तर? एक लंगडा माणूस, ज्याने काही केलेले नाही, तो दारोदार हंबरला असता आणि मी त्याला 'समूहात पुनःप्रवेशाचा विधी' म्हणून मान डोलावली असती. मला यातले कोणते कमी वाईट, ते ठरवता येत नाही. मात्र एक गोष्ट मला ठरवता येते. जी किंमत मोजायची होती ती माझी नव्हती, आणि तरीही तेथे सर्वांत जास्त मी बोललो.

म्हातारी गेली तरी प्रश्न संपला नव्हता. तेरवीला जातीची माणसे जेवली नाहीत तर मेलेला पितरांत मिळत नाही, बाहेरच राहतो, अशी त्यांची धारणा. सुकरामभाऊंनी या वेळी कोणाला विचारले नाही. लेकीलाही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते दावे घालून घराबाहेर पडले. योगिताने मला फोनवर एवढेच सांगितले, "सर, बाबा गेले. मी अडवलं नाही." मग म्हणाली, "पंचांनी दारं सांगितली आहेत. त्यात तुमचंही आहे."

"माझे? मी तर तुमच्या जातीचा नाही."

"हिरालालआजोबा म्हणाले, गुरुजीनं अडवलं होतं, तं गुरुजीच्या दारी बी जावं लागन."

मी तो टोमणा समजलो आणि तो योग्य ठिकाणी बसला होता.

तेरवी अगदी जवळ आली तेव्हा ते बापलेक एसटीने गोंदियाला आले. सुकरामभाऊंना बोलायचे नसल्याने तिकिटे योगितानेच काढली. गाडीत ते दावे शालीखाली झाकून बसले होते, असे तिने नंतर सांगितले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी शाल काढून तिच्या हातात दिली. भर दुपारी, शेजाऱ्यांच्या देखत, ते माझ्या फाटकाशी उभे राहिले आणि हंबरले.

तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही.

किराणा दुकानदार धावत आले. "क्या हुआ सर? ये कौन है? पुलिस को फोन करूँ?" मी हाताने त्यांना थांबवले. आत जाऊन सुपात तांदूळ घेतले, बाहेर येऊन त्यांच्या झोळीत टाकले आणि म्हणालो, "फिटलं."

सुकरामभाऊ हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, वाट पाहणे होते. योगिता रस्त्याच्या पलीकडे शाल छातीशी धरून उभी होती. मी पुन्हा म्हणालो, "फिटलं, भाऊ." माझा आवाज वर्गातला होता. एखादी संज्ञा फळ्यावर लिहावी तसा मी तो शब्द उच्चारला होता, आणि समोरच्या माणसाला ते कळले होते. जे पाप घडलेच नाही असे मी मानत होतो, ते फिटले असे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात माझी पत्नी बाहेर आली. तिचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे, आणि माझ्या या खटाटोपात ती कधी पडलेली नाही. तिने माझ्या हातातले सूप घेतले, उरलेले तांदूळ झोळीत रिते केले आणि पदर खांद्यावरून पुढे घेऊन हात जोडले. "फिटलं गा भाऊ, फिटलं," ती म्हणाली. "बैलाचं बी फिटलं, तुमचं बी फिटलं. जा आता. मायले सुखानं जेवू घाला."

सुकरामभाऊंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मग ते वळले आणि पाय ओढत गल्लीच्या तोंडाकडे गेले. योगिताने त्यांच्या अंगावर शाल टाकली. तिने मागे वळून पाहिले नाही.

तेरवीला मला बोलावणे नव्हते. ते योग्यच होते. ती जातीची पंगत होती. दुपार कलल्यावर राहवेना, म्हणून मी तिला फोन केला.

"आले काय सगळे?"

"आले सर. सगळेच आले. दोन पंगती उठल्या, तिसरी बसून राहिली." मागे भांड्यांचे आवाज, लहान मुलांची रडारड, कोणीतरी वरण मागत होते, कोणी कोणाला चिडवत होते आणि बायका हसत होत्या.

"बाबा?"

"बाबा बसले आहेत त्यांच्यात. बोलून राहिले सगळ्यांशी."

"आणि तू?"

फोन तिच्या हातात तसाच होता. मागून एक म्हातारा आवाज जवळ आला. तो हिरालालजींचा होता, मी लगेच ओळखला.

"योगे, माय, सकाळपासून वाढूनच राहिली तू. बस न आता. माह्या बाजूले बस. जेवून घे."

मला तिचे उत्तर ऐकू आले नाही. थोड्या वेळाने पाट सरकवल्याचा आवाज आला.